खळीची कुंची

परवा माझी नात सई हस्तकलेचा पसारा मांडून बसली होती. फेल्टच्या कापडाचं घुबड करायचं होतं तिला, उद्या शाळेत द्यायचं. एका हातात सुई, दुसऱ्या हातात ते गरम डिंकाचं पिस्तूल, आणि मला विचारते, "आजी, शिवू की चिकटवू?" लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी सगळी नोकरी शिवणाची बाई म्हणून केली. हा प्रश्न मला किती मुलींनी विचारला असेल त्याची मोजदाद नाही. माझं उत्तर ठरलेलं असायचं. धुवायचं असेल तर शिवा, भिंतीवर टांगायचं असेल तर चिकटवा. ताण पडणार असेल तर शिवा, नुसतं दिसायला हवं असेल तर चिकटवा. त्यातून लोणावळ्याची हवा! पावसाळ्यात इथे डिंक वाळत नाही आणि वाळलाच तर त्याला बुरशी येते, म्हणून आळस करू नका, शिवाच. इतकं सगळं घडाघडा बोलून मी पुढच्या वाक्याला यायचे, "आणि लहान बाळाच्या अंगाला लागणार असेल तर..." आणि तिथेच गप्प व्हायचे. मुलींना वाटायचं, बाईंना दम लागला. बाईंना दमबिम काही लागत नव्हता. बाईंना इंदुरीचं घर दिसायचं.

आमचं घर तळेगावजवळच्या इंदुरीत, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. दोन खणांचं. पुढच्या खणात चूल, मागच्या खणात बाज आणि कपडे टाकायची वळण. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्तीचा ओघळ. आण्णा, म्हणजे माझे वडील, देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला. पहाटे सायकलने तळेगाव स्टेशन गाठायचे, तिथून गाडी. थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणते, ती लग्न होऊन पलीकडच्या गावी, नवलाख उंबऱ्याला, गेलेली. घरात उरलो आम्ही तिघं, आणि गोधड्या. आई गावाच्या गोधड्या शिवायची. गावाच्या म्हणजे सगळ्या गावाच्या. वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या बायका जुन्या लुगड्यांचं बोचकं घेऊन यायच्या, ते ओट्यावर ठेवायच्या आणि ओट्यावरूनच बोलायच्या. आत कोणी येत नसे. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं, पण आईच्या गोधडीशिवाय झोप लागत नव्हती. आई हसायची नुसती. म्हणायची, "थंडीला जात कळत न्हाई, बाय."

तिचं शिवणं बघत बसावं असं होतं. जमिनीवर लुगडी अंथरायची, एक टोक गुडघ्याखाली दाबायची, दोऱ्याची गुंडी पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि सुरू. सुई कापडात शिरताना बारीक ‘टप’ असा आवाज व्हायचा, मग दोरा ओढला जाताना सुर्रकन आवाज, मग बांगड्या. टप, सुर्र, छुन. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल. तिचा एकच कडक नेम होता, गाठ मारायची नाही. दोरा सुरू करतानाही नाही आणि संपवतानाही नाही. दोरा संपत आला की त्याच टाक्यांतून उलट चार टाके मागे न्यायचा आणि दाताने तोडायचा. कात्रीसुद्धा नाही, दातानेच. "गाठ अंगाला टोचती. मोठ्या मानसाला कळत न्हाई, पर बाळाला रात्रभर टोचती, आन त्याला सांगता येत न्हाई," असं ती म्हणायची. शिवून झालं की डोळे मिटून उलट्या बाजूने सगळीकडे एक बोट फिरवायची. कुठे अडलं तर तेवढं उसवायचं. मला याचा वैताग यायचा. मी म्हणायचे, कोण बघतंय आये उलटी बाजू? ती म्हणायची, "पांघरणारा बघतो की."

आक्काला दिवस गेल्याचा निरोप आला तेव्हा आईला काय आनंद झाला! आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळाची कुंची बाळाच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने करायची. आता कुंची म्हणजे काय हेही सांगावं लागतं. डोक्यापासून पाठीपर्यंत बाळाला झाकणारी टोपी, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे त्यात लावायचे, म्हणजे बाळाला सगळ्यांची ऊब. आईने तुकडे लगेच कापून ठेवले. मेलेल्या आजीच्या लुगड्याचे हिरवे, आण्णांच्या डेपोतल्या सदऱ्याचे खाकी, आक्काच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचे, माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचे. सगळे त्रिकोणी, बोटाएवढे. पातळ धोतराच्या अस्तरावर ते मांडून बघितले, पुन्हा गोळा केले आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवले. "दिस भरत आलं की शिवीन. आधी शिवलं तर नजर लागती," म्हणाली. बुद्धाच्या घरी कसली नजर गं, असं आण्णा म्हणाले, तर त्यांच्याकडे बघून डोळे वटारले तिने.

आक्काचे दिवस भरायच्या आधी आईचेच भरत आले होते, हे कोणाला ठाऊक. एका सकाळी भाकरी थापता थापता तिच्या हातातून भाकरी घसरली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी म्हटलं, आये, काय झालं? तिने मान वर केली, तर तोंड एका बाजूला गेलेलं. तळेगावच्या दवाखान्यातून तिला घरी आणली तेव्हा उजवा हात गेलेला होता, उजवा पाय ओढत होता आणि सगळी भाषा गेली होती. एक शब्द तेवढा राहिला होता. ‘व्हय’. पाणी हवं का? व्हय. नको का? व्हय. दुखतंय का, नाही दुखत का, आण्णा आले का, भाकर करपली का, सगळ्याला व्हय. मानसुद्धा कधी होची, कधी नाहीची हलायची, तिचाही भरवसा नव्हता. डॉक्टर म्हणाले होते की तिला आतून सगळं कळतं, फक्त बोलताना तेवढंच बाहेर येतं. मला ते पटायला वेळ लागला. तुम्हीच सांगा, चौदा वर्षांच्या पोरीला काय कळणार? नाही म्हणायचं असायचं तेव्हाही ती व्हय म्हणायची, आणि स्वतःच्याच तोंडातून ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच आषाढात आक्का बाळंतपणाला आली आणि श्रावणात तिला मुलगी झाली. घरात करणारी मी एकटी. आईला उठवायचं, धुवायचं, भरवायचं. आक्काला बाजेवर शेक, तिला बाजरीची भाकर, शेपूची भाजी, खसखशीची खीर, डिंकाचे लाडू. डिंकाचे लाडू शेजारच्या सगुणामावशीने वळून दिले, तेवढीच मदत. शाळा केव्हाच सुटली होती. बाळोती धुऊन वाळत नव्हती, मावळातला पाऊस, चुलीवर दोरी बांधून त्यावर टाकायची, सगळ्या घराला त्याचा वास. आणि बाराव्या दिवशी बारसं. उंबऱ्याची माणसं येणार, बाळाच्या डोक्यावर आजीची कुंची पाहिजे. आजी भिंतीला टेकून बसलेली, फळीवरच्या बोचक्याकडे बघत.

मी बोचकं खाली काढलं. म्हटलं, आपण शिवू. सगळं आयुष्य तिच्या शेजारी बसून काढलं, टप, सुर्र, छुन ऐकत, पण सुई कधी धड हातात धरली नव्हती. आवाज ऐकून शिवता आलं असतं तर काय हवं होतं! माझे टाके म्हणजे एक पुण्याला, एक मुंबईला. आई शेजारी बसून बघायची आणि टाका वाकडा गेला की डाव्या हाताने दोरा ओढून काढायची. "व्हय, व्हय," म्हणायची आणि ओढायची. दोन टाके मी घालायचे, एक ती उसवायची. मी ओरडायचे, अगं राहू दे की! ती, "व्हय." आणि पुन्हा उसवायची. आत बाळ रडायचं, चुलीवर पेज उतू जायची, मी उठायचे, परत यायचे तर दुसराही उसवलेला. पाच दिवसांत एक रांग झाली. एक! आणि रांगा होत्या नऊ.

तेव्हा मला शाळेतलं चिकटकाम आठवलं. पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे चिकटवून आम्ही देखावा केला होता, डोंगर, नदी, झोपडी. अर्ध्या तासात झाला होता. मग कुंची का नाही? बारशापुरती तर हवी, नंतर आईला बरं वाटलं की शिवेल. मी कणकेची खळ शिजवली आणि दोन रांगा चिकटवून ठेवल्या. सकाळी बघते तर उंदरांनी खळीसकट कापड कुरतडलेलं. आण्णांच्या खाकीचा एक तुकडा तर गायबच. मी तिथेच बसून रडले. आईने तो कुरतडलेला काठ बघितला, सुई उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "व्हय." म्हणजे शीव. एवढं मलाही कळलं. पण मला शिवायचं नव्हतं. मी तिच्यावर, बाळावर, पावसावर, सगळ्यावर वैतागले होते.

आमच्यापासून चौथं घर भिवाआबांचं. ते शाळेच्या पुस्तकांना आणि ग्रामपंचायतीच्या मोठ्या वह्यांना बांधणी करून द्यायचे. त्यांच्या ओसरीवर पुठ्ठ्याची चळत, दाबायचा लाकडी शिकंजा आणि खळीचा पत्र्याचा डबा. माझं डोकं तेव्हा काय धावलं बघा. माझ्या खळीला उंदीर लागले. आबांच्या वह्या वर्षानुवर्षं कपाटात असतात, त्यांना उंदीर लागत नाही, झुरळ लागत नाही, वाळवी लागत नाही. म्हणजे आबांची खळ चांगली! खळ मागायला गेले. आबा पुठ्ठा आणायला तळेगावला गेले होते. घरात कोणी नव्हतं. मी तिथलीच एक वाटी उचलली, डब्यातून वाटीभर खळ घेतली आणि आले. चोरी केली असं मला वाटलंही नाही, शेजारून विरजण आणतात तसं वाटलं.

आता इथे मी थांबून सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा जीव वर-खाली होतो आणि ते तुमच्यापासून लपवून मला गंमत करायची नाही. आबांच्या खळीला उंदीर-झुरळ का लागत नव्हतं? कारण आबा खळ शिजवताना तिच्यात मोरचूद टाकायचे. निळे खडे असतात बघा, बागायतदार द्राक्षावर फवारतात ते. विष. ज्या कुंचीचा बंद बाळाच्या हनुवटीखाली येणार, ज्याचं टोक ते तोंडात घेऊन चोखणार, त्या कुंचीला मी ती खळ लावायला घेतली होती. मला ठाऊक नव्हतं. घरात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाकडे एकच शब्द होता.

वाटी दिसल्याबरोबर आई ताठ झाली. खळीला निळसर झाक होती, मला वाटलं शाई पडली असेल. मी पहिला तुकडा उचलला, बोटाने खळ लावली. "व्हय!" आई ओरडली. इतक्या मोठ्याने की आत आक्का दचकली. मी म्हटलं, "व्हय ना? मग गप बस." तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हाताला काय जोर आला होता! "व्हय! व्हय! व्हय!" आणि मान जोरजोरात नाही-नाही अशी हलवत होती. मी हात सोडवून घेतला. "आये, शिवायला येळ न्हाई गं. चार दिस राह्यलं. चिकटवलं म्हणून काय बाळ मरतंय?" असं म्हणाले मी. हे वाक्य मी म्हणाले. या तोंडाने. वर आणखी शहाणपण, "आक्का डिंकाचं लाडू खातीच की. डिंकानं काय होतंय?"

मग तिने वाटीत बोट बुडवलं. ते खळीने भरलेलं बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं, ओठांपाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याच हाताने स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतलं. पुन्हा बोट ओठांपाशी, पुन्हा चापट. मी काय समजले असेन? मला वाटलं, भूक लागली. "भूक लागली व्हय आये?" "व्हय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला की तो मला या वयातही विसरता येत नाही. मी पेज आणली, तिचा हात नि तोंड पुसलं आणि चमचा पुढे केला. तिने पेज थुंकून दिली. माझ्या अंगावर उडाली. मी चमचा आपटला आणि पाठ फिरवून चिकटवायला बसले. मागे तिचं चालू होतं, व्हय, व्हय, व्हय, आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसता श्वास.

संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ रांगा झाल्या. दिसायला काय सुरेख दिसत होती ती कुंची! एकही टाका दिसत नाही, सगळे त्रिकोण टोकाला टोक. आक्काला दाखवली, ती थकलेली होती तरी हसली. वाळायला म्हणून चुलीजवळ कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घातलं, त्यावर पसरली आणि बाळोती आपटायला मी नदीकडे गेले. आईला चुलीपासून लांब, भिंतीशी बसवून गेले होते. परत आले तर ती चुलीपुढे. एवढं अंतर ती एका हातावर आणि एका पायावर सरपटत आली होती, लुगडं मागे सुटून राहिलेलं. डालगं रिकामं. चुलीत कुंची जळत होती, आणि जाळ हिरवा निळा झाला होता. तसा जाळ मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तेव्हासुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही की जाळ असा का.

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडं लिहिते. "सोताच्या हातानं व्हत न्हाई म्हणून माझंबी जाळलंस व्हय गं? मर की एकदाची, सुटू दे मला." ती माझ्याकडे बघत होती. तिच्या बोटांना भाजलं होतं. आणि मला आठवतं ते असं की तिचा चेहरा शांत होता, जसा गोधडी पुरी झाल्यावर असायचा. मी तिच्या बोटांना तेलसुद्धा लावलं नाही. ते रात्री आण्णांनी लावलं. आण्णांनी विचारलं, का गं जाळलंस? ती म्हणाली, व्हय.

बारशाला आण्णांनी तळेगावच्या बाजारातून टोपडं आणलं, गुलाबी, झालरीचं. वंदना झाली, पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं सुजाता. आक्काच्या सासूबाई, त्यांना आम्ही विहीणबाई म्हणायचो, बाळाला मांडीवर घेऊन सहज म्हणाल्या, "आन आजीची कुंची कुटं हाय? न्हाई केली व्हय?" त्या काही वाईट बाई नव्हत्या. सहजच विचारलं होतं. मी घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होते. ‘राहिली’ म्हणाले असते तर विषय संपला असता. पण माझ्या पोटात चार दिवस राग धुमसत होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी केलती. आईनं चुलीत घातली."

विहीणबाई आईकडे वळल्या. "व्हय? तुमी जाळली?" आईने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "व्हय." "आन का ओ? नातीचं कापड चुलीत?" "व्हय." कोणीतरी मागून पुटपुटलं, डोक्यावर परिणाम झालाय. तेवढ्यात आक्का बाळ घेऊन उठली, आईच्या मांडीवर द्यायला. आईने डावा हात पुढे केला होता. विहीणबाईंनी मध्येच बाळ उचलून घेतलं. हळूच, दुखवायचं नाही अशा बेताने म्हणाल्या, "नगं गं सूनबाई. लेकरू हाय. आज कापड घातलं, उद्या..." आईचा हात तसाच पुढे राहिला होता, बोटांवर भाजल्याचे फोड. मग तिने तो हळूहळू मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. मी घुगऱ्या वाटत होते. मला वाईट वाटलं नाही. बरी अद्दल घडली असंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

आक्का महिनाभराने सासरी गेली. तोवर बाळ आईच्या मांडीवर एकदाही आलं नाही. आक्काच द्यायला धजावेना, आणि आईनेही हात पदराबाहेर काढला नाही. त्या दोघी गेल्यावर एक दिवस मी आबांची वाटी परत करायला गेले. म्हटलं, "आबा, तुमाला न इचारता खळ नेलती वाटीभर, कुंचीला." आबा शिकंजा आवळत होते. त्यांचे हात थांबले. "कशाला नेलती?" "बाळाच्या कुंचीला." आबांनी शिकंजा सोडला. "आन घातली व्हय बाळाला?" मी म्हटलं, नाही, आईने जाळली. आबा माझ्यापुढे येऊन बसले. "जाळली. बरं झालं बाय माझे, बरं झालं. त्यात मोरचूद असतंय गं. तुझ्या आईला ठावं हाय. तू रांगत व्हतीस तवा तिचं करडू ह्याच डब्याला तोंड लावून गेलं. माझ्याच ओसरीवर पाय झाडून मेलं. लय भांडलीती ती माझ्याशी."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. आई भिंतीशी बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, "आये, तुला ठावं व्हतं?" "व्हय." "मला सांगत व्हतीस?" "व्हय." "मी तुला मर म्हणले गं." ती म्हणाली, "व्हय." मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि ओरडून रडले. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला की नाही, ते मी सांगणार नाही. तो माझा आहे. पण एक सांगते. मी माफी मागत होते आणि ती व्हय म्हणत होती, आणि ते व्हय माफीचं होतं की आणखी कशाचं, हे मला कधीच कळणार नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. काहीही विचारलं तरी उत्तर तेच.

आण्णा त्याच रविवारी सायकल मारत उंबऱ्याला गेले आणि सगळं सांगून आले. विहीणबाई रडल्या म्हणे. निरोप पाठवला, पाऊस सरला की लेकराला घेऊन येतो, आजीच्या मांडीवर ठेवतो, आमचं चुकलं. मला वाटलं, फिटलं. जगाने मानलं की झालं, असं वाटायचं वय होतं ते.

मी पुन्हा तुकडे कापले. हिरवे, खाकी, पांढरे, निळे. या वेळी आईने कापडाचं टोक आपल्या चांगल्या गुडघ्याखाली दाबून धरलं आणि मी शिवायला बसले. ती उसवायची, मी शिवायचे. ती पुन्हा उसवायची, मी पुन्हा शिवायचे. ओरडले नाही. दिवसाकाठी दोन बोटं शिवण पुढे सरकायची. दोरा संपला की उलट चार टाके मागे न्यायचे आणि कापड तिच्या तोंडापाशी धरायचे. तोंड वाकडं होतं, पण डाव्या बाजूचे दात शाबूत होते. ती मान तिरकी करून दोरा तोडायची, कट्. दिवाळी झाली, भातकापणी झाली, तेव्हा कुठे ती कुंची पुरी झाली. पाच महिन्यांच्या बाळाला होईल एवढी मोठी केली होती. आण्णांनीच ती उंबऱ्याला पोचवली.

मग ती माणसं आली. आक्का, विहीणबाई, आणि बाळ. कुंची घातलेलं, गुटगुटीत, बोळकं पसरून हसणारं. विहीणबाई सरळ आईपुढे जाऊन बसल्या, हात जोडले, म्हणाल्या, "विहीणबाई, पदर पसरते, माफ करा. घ्या नातीला." आणि बाळ पुढे केलं. आईने बाळाकडे बघितलं. किती वेळ बघितलं! आणि मग डावा हात, एकुलता एक हात, पदराखाली घातला आणि त्याच्यावर मांडी दाबून बसली.

"घे की गं आये," आक्का म्हणाली. आईने मान हलवली. "न्हाई काय म्हणती, घे!" असं म्हणत मी तिचा हात पदरातून ओढून काढायला गेले तर तिने तो आणखी आत घेतला, जसा आपण पेटत्या वस्तूपासून मागे घेतो तसा. आम्ही तिघींनी आळीपाळीने सांगितलं. तुझं काही चुकलं नाही, तूच वाचवलंस, सगळ्यांना कळलंय. तिला सगळं कळत होतं. डॉक्टर म्हणालेच होते, आतून सगळं कळतं. पण ज्या हाताने चुलीत काहीतरी घातलं होतं तो हात बाळाला लावायचा नाही, हे तिने बारशाच्या दिवशी मनात पक्कं केलं होतं, आणि आम्हाला ते काढता येत नव्हतं. भरवसा तिचा तिच्यावरून उडाला होता, आणि तो मी उडवला होता, घुगऱ्यांचं ताट हातात धरून. उसवायला मला टाकाच सापडत नव्हता.

शेवटी आक्काने बाळ तिच्यापुढे गोधडीवर ठेवलं आणि आम्ही बाजूला झालो. बाळ पालथं पडलं, मान उचलून आजीकडे बघायला लागलं. बऱ्याच वेळाने आईचा हात पदराबाहेर आला. बाळाला नाही लावला. तिने डोळे मिटले, कुंचीचा काठ दोन बोटांत उलटा केला, आणि एक बोट आतून फिरवायला लागली. हनुवटीखालच्या बंदापासून कानावरून, कपाळावरून, दुसऱ्या कानापर्यंत, मग खाली पाठीच्या काठाला. बाळाच्या कातडीला बोट लागणार नाही इतकं जपून. पुरा फेरा झाला.

"गाठ न्हाई ना गं आये?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि हात परत पदराखाली ठेवला.